टकळीवर बारीक सूत काढायचंय? आधी तुटलेलं टोक बघा

विचारणाऱ्या ताई डोंबिवलीच्या आहेत. व्हिडिओ बघून पितळी चकतीच्या टकळीवर (हाताने फिरवून सूत कातायची चकतीवाली सळई) कातायला शिकल्या, सूत येतं पण जाडंभरडं येतं आणि बारीक काढायला गेलं की तुटतं. बोटं दुखतात, पावसाळ्यात तर पेळूतून (पिंजलेल्या कापसाच्या वळीतून) कापूस सुटतच नाही. हलकी टकळी घेऊ, कापूस बदलू, का सरळ पेटी चरखा (पेटीत मावणारा छोटा चरखा) घेऊ, असं त्यांचं विचारणं आहे. (घरच्यांच्या मते चौथा ऑप्शन आहे, नाद सोड.)

ताई, नाद सोडू नका आणि चरखा आत्ता घेऊ नका. मी बरीच वर्षं कातते, इथे मुंबईत हौशी लोकांना शिकवते पण, आणि हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आधी एकच काम देते. पुढच्या वेळी सूत तुटलं की वैतागून लगेच जोडायला जाऊ नका. एक काळं कापड घ्या, जुनी ओढणी चालेल, काळी प्लास्टिकची फाईल पण चालेल, त्यावर तुटलेली दोन्ही टोकं ठेवा, चष्मा लावा आणि नीट बघा. पांढऱ्या चादरीवर काही दिसत नाही, काळंच हवं.

तीन तऱ्हेची टोकं दिसतील. एक म्हणजे लांब, निमुळतं होत गेलेलं, शेवटाला चारपाच तंतू सुटे पडलेले, मऊ, पिळाचा पत्ता नाही. हे सूत खरं म्हणजे तुटलेलंच नाही, ते सुटलंय, तंतू एकमेकांवरून घसरून बाहेर आलेत, म्हणजे पीळ कमी पडला. दुसरं टोक आखूड, कात्रीने कापावं तसं, आणि ते सूत जरा सैल सोडलं की लगेच स्वतःभोवती आढ्या घालायला लागतं, तिथे पीळ जास्त झालाय. तिसऱ्या तऱ्हेत सूत बरोबर पेळूच्या तोंडाशी तुटतं आणि पेळूकडच्या बाजूला कापसाचा झुबका अडकून बसलेला दिसतो, तिथे दोष एकतर पिंजण्याचा नाहीतर डाव्या हाताच्या चिमटीचा.

नवीन माणसाचं बहुतेक वेळा पहिलं टोक निघतं. आणि गंमत अशी की त्याला वाटत असतं आपण जास्त ओढलं म्हणून तुटलं, मग तो घाबरून कमी ओढतो, सूत जाड ठेवतो, जाड सुताला कमी पिळात पण भागतं त्यामुळे ते तुटत नाही, आणि मग वर्षभर तेच जाड सूत काढत बसतो. तुमचं हेच झालेलं असणार असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं, पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, टोक बघा.

पिळाचा हिशोब एकदा डोक्यात बसला की बाकी अर्धं काम झालं. कापसाचा तंतू असतो जेमतेम इंचभर. इंचभर लांबीच्या तंतूंचं मैलोन्‌मैल सूत होतं ते फक्त पिळामुळे, पिळाने तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि घसरत नाहीत, दुसरं काहीही त्यांना धरून ठेवत नाही. सुताचा बारीकपणा काउंटमध्ये मोजतात, आकडा चढा तेवढं सूत बारीक. आता गिरणीतलं 40 काउंटचं सूत घ्या, साध्या पॉपलिनच्या शर्टाचं, त्याच्या जाडीत कुठेही आडवा छेद घेतला तर साधारण शंभरेक तंतू सापडतील. 100 काउंटला चाळीसच्या आसपास. तंतू कमी झाले की पीळ वाढवायलाच लागतो. गिरणीत ताण्याच्या (मागावरच्या उभ्या धाग्यांच्या) सुताला काउंटच्या वर्गमुळाला चार-सव्वाचारने गुणतात, तेवढे पीळ एका इंचात, म्हणजे 20 काउंटला इंचाला 19च्या आसपास, 40 ला 27, आणि 100 ला 43. हातसुताला थोडे कमी चालतात. तरी बघा, दोन फूट सूत एका दमात ओढलं आणि ते 40 काउंटचं असेल तर टकळी सहाशेच्या वर वेळा फिरायला हवी. एका चुटकीत ते होत नाही. तुम्ही व्हिडिओत जे बघता, टकळी फिरवली, ओढलं, गुंडाळलं, ते जाड सुताचं आहे. बारीक सुताला ओढून झाल्यावर परत चुटकी, परत चुटकी, आणि मग गुंडाळणं.

आता पीळ द्यायचा कधी ह्यात खरी मेख आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण बाकी सगळं कुणीही सांगेल.

पीळ सुतात सगळीकडे सारखा पसरत नाही. तो आधी पातळ जागी पळतो. सूत जिथे पातळ तिथे पीळ पटकन भरतो आणि ती जागा कडक होते, जिथे जाड तिथे पीळ कमी पोचतो आणि ती जागा मऊ राहते. आता ह्या अवस्थेत सूत हलकेच ताणलं तर काय होईल? पातळ जागा पिळाने घट्ट झालेल्या असल्याने जागच्या हलणार नाहीत, आणि जाड जागांमधले तंतू अजून मोकळे असल्याने तिथेच सूत लांबेल. म्हणजे सूत आपोआप सारखं होत जातं, आपल्याला एकेक गाठ शोधून काढायला नको. बारीक सूत ह्या एका गोष्टीवर निघतं. बोटांनी तंतू मोजून मोजून सोडणारी माणसं मी बघितलीत, फार सुंदर सूत काढतात पण दिवसभरात पोरांच्या पतंगाला पुरेल एवढं पण होत नाही.

तर करायचं असं. जमिनीवर बसा, मांडी घालून, खुर्चीवर बसलात तर हात वर जायला जागा कमी पडते असं नाही पण टकळीची वाटी ठेवायला नीट जागा मिळत नाही. टकळीची टोकदार बाजू वाटीत, वरच्या आकड्यातून सूत बाहेर आलेलं, डाव्या हातात पेळू. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि मधल्या बोटाने चुटकी मारून टकळी फिरवा आणि त्याच क्षणी डावा हात वर न्यायला सुरुवात करा. हात थांबता कामा नये आणि झटका देता कामा नये. चिमटी एवढीच सैल की पीळ तिच्याशी येऊन थांबेल आणि वर पेळूत घुसणार नाही. दीड-दोन फूट सूत आलं की चिमटी बंद करा, कापूस सोडणं बंद. हे सूत अजून कच्चं आहे, ओबडधोबड दिसेल, दिसू दे. आता उजव्या हाताने आकड्याच्या जरा वर सूत धरा आणि डाव्या हाताने अगदी हलका ताण द्या, जाड ठिकाणं डोळ्यांदेखत लांबताना दिसतील. सूत घसरतंय, सुटणार असं वाटलं तर आकड्याजवळचं बोट काढून टकळीला छोटी चुटकी द्या, परत धरा, परत ताण. सगळं सारखं झालं की मग शेवटचा पक्का पीळ, दोन-तीन जोरदार चुटक्या, सूत ताणलेलंच ठेवून. आणि मग गुंडाळायचं.

पक्का पीळ पुरेसा झाला का हे बघायला चारपाच इंच सूत किंचित सैल सोडायचं. ते मधोमध वळायला लागलं, एखादी आढी पडते न पडते एवढं झालं, की बास. अजिबात वळलं नाही तर अजून एक चुटकी. भराभरा गुंडाळ्या झाल्या तर जास्त झालं, पण खरं सांगू का, शिकताना जास्त झालेलं परवडतं.

बोटं दुखण्याचं कारण चिमटी. पेळू दाबून धरायचा नसतोच. उकडीच्या मोदकाची पारी हातात धरतो ना, पडूही नये आणि बोटांचे ठसेही उमटू नयेत, तेवढाच जोर. पेळू दाबला की आतला कापूस चेपतो, चेपलेला कापूस झुबक्याने सुटतो, झुबका सुटला की आपण अजून दाबतो, असं ते चक्र चालतं आणि तासाभरात अंगठा भरून येतो. हात घामट असतील (मुंबईत कुणाचे नसतात) तर खडूची पूड लावा बोटांना. ढाक्याच्या मलमलीचं सूत काढणाऱ्या बायका पण खडूच लावायच्या.

टकळीबद्दल. तुमची टकळी बहुतेक ठीक असेल, पण तपासून घ्या. सळई काचेच्या टेबलावर लोळवून बघा, वाकडी असेल तर डुगडुगताना दिसेल, आणि वाकडी टकळी बारीक सुताला कायमचा शाप आहे कारण प्रत्येक फेऱ्याला ती सुताला हिसका देते. चकती सळईवर बरोबर मधोमध आणि काटकोनात बसलेली हवी. खालचं टोक बोथट झालं असेल तर बारीक पॉलिश पेपरवर घासून घ्या, गंज चढू देऊ नका, पावसाळ्यात कातून झालं की टोकाला खोबरेल तेलाचं बोट. पण वरच्या आकड्याला तेल लागू देऊ नका, सूत काळं पडतं.

हलकी घ्यायची का? टकळी वाटीत टेकलेली असते त्यामुळे तिचं वजन सुतावर येत नाही, लोकरवाल्यांची लोंबती चाती (हवेत लटकत फिरणारी कातायची दांडी) असते तिचं सगळं वजन सुताला पेलायला लागतं, तसं इथे नाही. म्हणून वजनापेक्षा चकतीच्या रुंदीकडे बघा. रुंद चकती हळू फिरते पण बराच वेळ फिरते, लहान चकतीची टकळी भन्नाट वेगात फिरते पण लवकर थांबते. बारीक सुताला पीळ खूप लागतो म्हणून लहान चकती बरी. आणि एक, टकळी सुताने भरत गेली की जड होते, मग बारीक काम करताना ती गच्च भरायची नाही, अर्धी भरली की उतरवायची. सूत चकतीला लागून शंकूसारखं भरायचं, वर निमुळतं, भसाभसा मधेच कुठेतरी गुंडाळलं तर तोल जातो.

वाटी कुठली ह्यावर लोक भांडतात. मला स्टीलची आवडत नाही, टोक सरकतं आणि आवाज डोक्यात जातो. चिनी मातीची छोटी खोलगट बशी उत्तम. करवंटी पण छान, आतून घासून गुळगुळीत केलेली, खाली ओलं फडकं ठेवायचं म्हणजे हलत नाही. ढाक्याला शिंपल्यावर टेकवायचे.

कापूस. इथे मुंबईत राहणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत होते. मेडिकलमधला कापसाचा रोल घेऊ नका, अजिबात नाही. त्याने पाणी पटकन शोषावं म्हणून तो उकळून, ब्लीच करून त्याच्यावरचं नैसर्गिक मेण काढलेलं असतं, आणि नेमकं त्या मेणामुळेच तंतू एकमेकांवरून अलगद सरकतात. मेण गेलं की कापूस अडकत अडकत सुटतो. दादरला पूजेच्या सामानाच्या दुकानांत वातींसाठी कापूस मिळतो, त्यातला काही चांगला असतो काही मेडिकलचाच असतो, हातात घेऊन ओढून बघायला द्या म्हणावं. एक सोपी टेस्ट, चिमूटभर पाण्यावर टाका, लगेच बुडाला तर मेण गेलेलं, तरंगत राहिला तर कातायच्या कामाचा. गादीवाल्याकडचा कापूस स्वस्त पडतो पण त्यात बऱ्याचदा गिरणीत गळालेला आखूड माल असतो, त्याच्या वाती करा.

तंतूची लांबी घरी मोजता येते. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, दोन भाग होतात, ते एकावर एक ठेवून परत ओढायचा, असं आठदहा वेळा केलं की तंतू एका दिशेला येतात, मग काळ्या फाईलवर ठेवून पट्टीने मोजायचे. माटुंग्याच्या सिरकॉट ह्या कापूस संशोधन संस्थेत 1924 पासून कापसाच्या ह्याच सगळ्या गोष्टी तपासतात, त्यांच्याकडे मशीन आहेत, आपल्याला पट्टी पुरते. विदर्भातला हल्लीचा नेहमीचा कापूस 28 ते 30 मिलिमीटरचा भरतो, त्याच्यात 40 काउंटपर्यंत जायला काहीच हरकत नाही आणि हात बसला की 60. देशी कापूस बराच आखूड, पंचवीसच्या खालीच, आणि तंतू जाड, पहिल्या शिकण्याला छान कारण पकड चांगली, पण बारीक सुतासाठी दमवतो. कर्नाटक आणि मध्य प्रदेशात डीसीएच-32 नावाचा वाण होतो तो पस्तिशीकडे जातो. आणि तमिळनाडूतला सुविन 38 च्या आसपास, रेशमासारखा लागतो हाताला, गिरण्या त्याचं 100-120 काउंटचं सूत काढतात. मिळाला तर जपून वापरा, पण शिकायला नको, लांब तंतूचा कापूस आपल्या चुका झाकतो आणि मग साध्या कापसाकडे परत जाता येत नाही.

पण लांब तंतू म्हणजेच बारीक सूत असं समजू नका. ढाक्याची मलमल ज्या फुटी कपाशीची व्हायची ती देशी जातीतलीच, आखूड तंतूची, गिरणीच्या मशीनला तिचं काही करता आलं नसतं. त्या बायका पहाटे आणि दिवस कलताना, हवेत ओल असताना कातायच्या, बऱ्याचदा नदीकाठाला. सगळी करामत पिंजण्याची, ओलाव्याची आणि बोटांची. आंध्रात पोंदुरूला आजही माशाच्या जबड्याच्या फणीने कापूस विंचरतात आणि 100 काउंटचं खादीचं सूत हाताने काढतात.

त्यावरून पिंजण्याचं. विकतचे पेळू बघून घ्या, धरून उजेडासमोर बघितलं तर आत ढगाळ गुठळ्या दिसता कामा नयेत. पिंजारी आता दारावर येत नाहीत आणि आले तरी त्यांची पिंजण गादीच्या कापसाला असते. घरी करायचं तर कुत्र्यांचे केस विंचरायचे बारीक वाकड्या तारांचे ब्रश मिळतात पेट शॉपमध्ये, तसे दोन घ्या, नवीन घ्या, घरच्या टॉमीचा नको. थोडासाच कापूस, ब्रशच्या तारा दिसत राहतील एवढाच, एकावर पसरून दुसऱ्याने हलके विंचरायचा, तारा तारांत रुतवायच्या नाहीत. मग ती पापुद्र्यासारखी शीट काढून विणायच्या सुईवर सैलसर लाटायची, सुई काढून घ्यायची, झाला पेळू. जाडी करंगळीएवढी. घट्ट लाटलेला पेळू म्हणजे सगळी पिंजण्याची मेहनत पाण्यात. गावाहून कुणी सरकीसकट बोंडं आणली तर सरकीवरूनच थेट सूत ओढून बघा एकदा, एक सरकी चिमटीत धरायची आणि तिच्याभोवतीचे तंतू बोटांनी मोकळे करून तसेच ओढायचे. कापूस किती सहज सुटायला हवा हे बोटांना एकदा कळलं की वाईट पेळू हातात घेतल्याबरोबर कळतो.

पावसाळ्याचा प्रॉब्लेम खरा आहे पण अर्धाच. ओल कापसाला चांगली, कोरड्या हवेत तंतू उडतात, सूत ठिसूळ वागतं, ओलसर कापसाचा धागा जास्त मजबूत असतो. गिरण्यांमध्ये तर मुद्दाम हवेत ओलावा सोडतात. कावसजी दावरांनी 1854 साली ताडदेवला मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला त्याला बंदर, पैसा, कापसाचा व्यापार अशी बरीच कारणं होती पण मुंबईच्या दमट हवेचा पुढे सगळ्याच गिरण्यांना फायदा झाला. तेव्हा तुम्हाला नागपूरच्या मे महिन्यात कातणाऱ्यापेक्षा सोपं आहे. जुलैत मात्र अती होतं, पेळू ओल खाऊन बसतो, चेपतो. त्याला उपाय, पेळू करून साठवायचे नाहीत. कापूस सुटा, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या दोनचार आत टाका, आणि ज्या दिवशी कातायचं त्या दिवशी तेवढेच पेळू वळा. फॅनखाली बसू नका, कापूस उडतो आणि ताणलेलं सूत हलतं. एसी तर बंदच. मला विचाराल तर मुंबईत कातायला सगळ्यात छान वेळ म्हणजे डिसेंबर-जानेवारीतली सकाळ, नऊच्या आत, खिडकी उघडून. आणि लोकलमध्ये टकळी चालवायचं मनात असेल तर विसरा, मधल्या वेळची कल्याण स्लो रिकामी असली तरी वाटी मांडीवर टिकत नाही.

सूत किती बारीक आलं हे डोळ्यांनी ठरवू नका, शिलाईच्या रिळाशी तर मुळीच तुलना करू नका, तो धागा दोन-तीन पदरी असतो. सोनारी काटा ऑनलाइन मिळतो, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा, तो एक घ्या. दहा मीटर सूत मोजा, वजन करा, एका ग्रॅममध्ये किती मीटर बसलं ते काढा आणि त्याला 1.69 ने भागा. समजा दहा मीटर भरलं पाव ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला 40 मीटर, भागिले 1.69, म्हणजे साधारण 24 काउंट. काउंट चढा म्हणजे सूत बारीक. मोजायचं ते पण एका ठिकाणचं नको, सुरुवातीचं, मधलं, शेवटचं असे तीन तुकडे घ्या आणि तिन्हींत फरक किती येतो ते बघा. आकडा चढा असण्यापेक्षा फरक कमी असणं मला महत्त्वाचं वाटतं. 20 काउंटचं सारखं सूत विणता येतं, कुठे 60 कुठे 15 असं सूत शोभेला ठेवायचं. खादीवाल्यांची जुनी पद्धत तारेची होती, चार फुटांची एक तार, 640 तारांची एक गुंडी, आणि फाळक्यावर (सूत गुंडाळून लड करायच्या चौकटीवर) सूत उतरवताना आपोआप मोजणी व्हायची. फाळका नसेल तर खुर्ची उलटी करून तिच्या पायांभोवती गुंडाळा, एक फेरा किती ते आधी मोजून ठेवा.

उतरवलेली लड तशीच वापरू नका. चार ठिकाणी सैल बांधा, म्हणजे गुंता होणार नाही, आणि पाण्यात थोडा साबण घालून वीसेक मिनिटं उकळा. पाणी पिवळट तपकिरी होईल, घाबरू नका, मळ नाही, कापसातलं मेण आणि बाकी द्रव्यं निघतात. मग धुऊन, झटकून, हँगरला अडकवून खाली हलकं वजन. वाळल्यावर पीळ बसतो आणि सूत शहाण्यासारखं वागतं. मागावर ताणा म्हणून घालायचं असेल तर तांदळाच्या पेजेची पातळ खळ द्यावी लागेल, एकेरी हातसूत खळीशिवाय टिकत नाही. क्रोशाला वापरायचं असेल तर पदरी करा, उलट्या दिशेने पीळ देऊन. ह्याचा आपल्याकडचा जुना नमुना म्हणजे जानवं. चार बोटांभोवती 96 वेढे एवढं सूत, मग तीन पदर एकत्र पिळायचे, त्याचे परत तीन, असे नऊ तंतू. घरात कुणी वृद्ध भिक्षुक असतील आणि त्यांनी कधी टकळीवर जानव्याचं सूत काढलं असेल तर त्यांच्याजवळ बसा, मी सांगते त्याच्यापेक्षा जास्त त्यांच्या हाताकडे बघून कळेल. त्यांना बोलायला लावू नका, नुसतं कातायला लावा.

सराव किती? रोज थोडा, दर रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा-वीस मिनिटं बरी, बोटं विसरत नाहीत. आणि क्रम असा ठेवा की आधी जाड का असेना पण सारखं, मग त्याच कापसाने जास्त पीळ, मग तो ताणायचा प्रकार, आणि मग बारीक. बारीक हे शेवटी आपसूक येतं. टकळीवर पोट भरत नाही हे पण सांगून ठेवते, विनोबांनी वर्ध्याजवळ नालवाडीला कातणाऱ्याच्या मजुरीवर जगून बघायचा प्रयोग केला होता, त्यांच्यासारख्या चिवट माणसाला ते जड गेलं. हौस म्हणून करा.

राहिला पेटी चरखा. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी होते त्या काळात त्याला आकार आला म्हणून येरवडा चरखा पण म्हणतात, गावदेवीला मणिभवनात चरखे ठेवलेत ते जाऊन बघा, गांधीजी 1917 ते 1934 मुंबईत आले की तिथे उतरायचे. चरखा टकळीपेक्षा कितीतरी वेगाने पीळ देतो, आणि तीच अडचण आहे, ज्याचा हात अजून ओढताना अडखळतो त्याच्या सुतात तो पीळ कोंबून ठेवतो आणि सूत चातीवरच (चरख्याच्या फिरत्या सळईवरच) तुटायला लागतं. तुमचं तुटलेलं टोक पहिल्या तऱ्हेचं निघणं बंद झालं आणि टकळीवर 20-25 काउंट सारखं यायला लागलं की खुशाल घ्या. घेताना दुकानातच पेटी उघडून चक्र फिरवा, चाती थरथरते का बघा, चातीचं टोक नखावर टेकवून सरळ आहे ना ते बघा, माळ म्हणजे चक्रावरची दोरी घसरत नाही ना, ती ताणायची सोय चालते ना, आणि जादाची एक चाती मागून घ्या, कारण वाकते ती चातीच आणि नंतर तेवढ्यासाठी शोधत फिरायला लागतं.